कामटीने सुटणारी कळ

संपादकांना मारुती 800वर आठवणींचा लेख हवा होता. तो इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे: 14 डिसेंबर 1983ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, 1986मध्ये गाडीने नवं रूप घेतलं, जानेवारी 2014मध्ये उत्पादन थांबलं. एवढं टिपून पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात गेलो आणि तिथल्या मामांचे हात बघतच राहिलो.

मामा एका जुन्या गाडीच्या हीटरच्या कळा काढत होते. लोखंडी दांडीवर बसवलेली इवलीशी प्लास्टिकची टोपी, एवढंच. पण ती निघाल्याशिवाय पुढची पट्टी सुटत नाही, आणि पट्टी सुटल्याशिवाय मागे हात जात नाही.

"आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा," मामांनी पोऱ्याला बजावलं. मग ड्रायरने कळ कोमट केली. चटका बसेल इतकी नाही, बोटाला ऊब लागेल इतपत. गार प्लास्टिकला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. थंडीतली गाडी ते दुपारी हातात घेतात. स्क्रू ड्रायव्हर लांबच. पट्टीवर कागदी टेप लावला, बांबूची तासलेली कामटी कळेच्या मुळाशी सरकवली आणि दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने, केसभर केसभर उचलली. जोर वरून लावतो आपण, पण दांडीला धरून बसलेली पकड असते आत. तिरकं ओढलं की कळ सुटण्याआधी तिची भिंत फुटते. कामटी शिरतच नसेल तर मामा मागून नायलॉनचा दोरा गुंडाळतात आणि दोन्ही टोकं सरळ आपल्याकडे खेचतात. "टक्" झालं. मी श्वास सोडला; मामांनी सोडला नाही, कारण अजून तीन कळा होत्या.

तिसरी तडकलीच.

दोष मामांचा नव्हता. ऊन आणि हवा मिळून वर्षानुवर्षं प्लास्टिकमधला चिवटपणा खातात. एबीएस नावाच्या प्लास्टिकमधला लवचीक, रबरासारखा घटक सर्वांत आधी झिजतो, म्हणून वरून चकचकीत दिसणारी कळ आतून खडूसारखी झालेली असते. एबीएस असेल तर अ‍ॅसिटोन लावून तडा सांधता येतो. पॉलिप्रॉपिलीन असेल तर नेहमीचा कुठलाच गोंद धरत नाही. जुन्या कळेच्या पाठीवर प्लास्टिकचं नाव सापडेलच, याची खात्री नसते. मग मामा आतल्या बाजूला अ‍ॅसिटोनचा थेंब टेकवून बघतात. चिकट झालं तर नशीब.

थ्रीडी प्रिंटरवर कळ छापून देणारी पोरं आता आहेत. पण त्यात वापरलं जाणारं स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापू शकतो. भंगारातून जुनी कळ आणावी, तर तीही तितकेच उन्हाळे सोसून आलेली. काढताना तिथेच मोडते. मामांनी तडकलेली कळ डबीत टाकली, गिऱ्हाइकाला फोन लावला आणि म्हणाले, "गाडी आज नाही मिळणार, दादा. तुकडा सांधायला ठेवतोय. उद्या बसवतानाही जपूनच बसवावा लागेल."