फिरत्या दवाखान्यातला उजेड



मागच्या तिमाहीच्या हिशेबात ‘गाडीतील दिवे व वायरिंग’ असा एक खर्च आपण पाहिला असेल. औषधे, डिझेल, टायर यांचा खर्च कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिव्यांचा मात्र सांगावा लागतो. गाडीत दिवे होतेच, मग ते बदलले का, असे काही मंडळींतून विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे विजेचे काम मी पाहतो, म्हणून उत्तरही मीच लिहीत आहे.

गाडी बंद का असते?

आपली गाडी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर जाते. तिची मागची पेटी चारही बाजूंनी बंद आहे. पावसाळ्यात सातपुड्यातला पाऊस आणि उन्हाळ्यात धूळ औषधांवर येऊ नये हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे बायांची तपासणी. दार लावले, पडदा ओढला, तरच एखादी गरोदर बाई मोकळेपणाने सिस्टरांशी बोलते. शिवाय माणसे शेतावरून, रानातून परततात ती दिवस कलल्यावर. म्हणजे गर्दीची वेळ संध्याकाळची, आणि जागा बंद. आत जो उजेड आपण देऊ तेवढाच सिस्टरांच्या डोळ्यांना मिळणार.

त्या उजेडात त्यांना काय पाहायचे असते? खालची पापणी ओढून आतली लाली किती आहे ते. जीभ आणि नखे फिकट आहेत का ते. डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर झाला आहे का ते. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात रक्तही कमी होते आणि डोळेही पिवळे दिसू शकतात. मलेरियाच्या तपासणी पट्टीवर कधी कधी दुसरी रेघ इतकी पुसट उमटते की मंद उजेडात ती नसल्यासारखीच वाटते. कुष्ठरोगाचा चट्टा आसपासच्या कातडीपेक्षा थोडासाच फिकट असतो. ही सारी कामे रंग ओळखण्याची आहेत. रक्ताची तपासणी शेवटी करावी लागतेच. पण कुणाचे रक्त आधी तपासायचे हे सिस्टर डोळ्यांनी ठरवतात.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतातच असे नाही

गाडीत आधी तारेचे पिवळे बल्ब होते. त्या उजेडात लाल रंग चांगला दिसतो, पण पांढरा कागदच पिवळसर दिसतो. मग डोळ्यातली कावीळ ओळखायची कशी? यावर सोपा उपाय म्हणून बाजारातली लख्ख पांढरी एलईडी पट्टी लावावी असे कुणालाही वाटेल. पण तिथे दुसरी अडचण आहे.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा उजेड देणारा एलईडी तयार करणे फार कठीण होते. ते साधल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या एलईडीवर पिवळसर पदार्थाचा थर देतात. काही निळा उजेड तसाच बाहेर येतो, काहीचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. स्वस्त दिव्यांत या मिश्रणात गडद लाल फार थोडा असतो. अशा उजेडात निरोगी माणसाचे ओठही फिक्कट दिसतात, आणि खरोखर रक्त कमी असलेली बाई इतरांत वेगळी उठून दिसत नाही.

म्हणून दिवा घेताना तीन आकडे पाहावे लागतात. पहिला केल्विनचा. २७०० म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे निळसर. आम्ही ४००० घेतला, तो मधला. दुसरा सीआरआय. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे हा आकडा १०० पैकी सांगतो. साध्या पट्ट्या बहुधा ७० ते ८० च्या घरात असतात. आम्ही ९० च्या वरचे दिवे घेतले. तिसरा आर-९. सीआरआय आठ सौम्य रंगांवरून काढतात आणि त्यांत गडद लाल नसतो. त्याचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि रक्ताची लाली पाहणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

आकडे छापलेले नसतील तर घरगुती परीक्षा आहे. पिकलेला टोमॅटो आणि आपला तळहात आधी दिवसा दारात पाहावा, मग दार लावून दिव्याखाली पाहावा. टोमॅटो मातकट आणि तळहात राखी दिसला तर तो दिवा गोदामाला ठीक आहे, दवाखान्याला नाही.

बॅटरीचे गणित

जुने बल्ब २१ वॅटचे होते आणि सहा होते. एकूण १२६ वॅट. १२ व्होल्टच्या गाडीत याचा अर्थ साडेदहा अँपिअर. चार तास शिबिर चालले तर ४२ अँपिअर-तास खर्च. आपली बॅटरी ८० अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याहून अधिक दिव्यांतच जाई. डिझेलचे इंजिन सुरू करायला बॅटरीला मोठा झटका द्यावा लागतो. निम्मी रिकामी, त्यातून थोडी जुनी झालेली बॅटरी तो देईलच असे नाही. त्या रात्री एखाद्या बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असेल, तर आत उजेड असून गाडी जागची हलणार नाही. हे टाळायला इंजिन चालू ठेवावे, तर डिझेल जळते, धूर येतो आणि छातीला लावलेल्या स्टेथोस्कोपमध्ये घरघर ऐकू येते.

आता छताला ३० वॅटचे एलईडी आहेत आणि तपासणीच्या बाकाशी वळवता येणारा ६ वॅटचा दिवा. एकूण ३६ वॅट, तीन अँपिअर. चार तासांचे १२ अँपिअर-तास. उजेड पूर्वीपेक्षा जास्त, कारण तारेचा बल्ब एका वॅटला फार तर वीसेक ल्युमेन देतो आणि चांगला एलईडी शंभराच्या आसपास.

तार जाड का हवी?

दिव्यांपेक्षा जास्त मेहनत तारांत गेली. ती दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

साध्या एलईडी पट्टीत तीन-तीन दिवे एका ओळीत असतात. प्रत्येकाला सुमारे तीन व्होल्ट, म्हणजे नऊ लागतात. बाराातले उरलेले तीन व्होल्ट एक छोटा रोधक पोटात घेतो, आणि दिव्यांतून किती वीज वाहील हे तोच ठरवतो. आता बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली तर तीन अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्ट गळतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण तो जातो रोधकाच्या वाट्याच्या तिनांतून, म्हणून उजेड एक दशांशाने नव्हे, जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती पाव व्होल्टवर येते.

याच्या उलटही घडते. इंजिन चालू असताना गाडीतला दाब चौदा व्होल्टच्या वर जातो. मग पट्टीतून दीडपटीहून अधिक वीज वाहते, ती तापते आणि काही महिन्यांत एकेक तुकडा विझू लागतो. म्हणून आम्ही ९ ते ३० व्होल्टमध्ये सारखाच उजेड देणारे, आत नियंत्रक असलेले दिवे घेतले आणि ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले, म्हणजे उष्णता पत्र्यात उतरते.

बाकीची काळजी अशी:

* बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात पाच अँपिअरचा फ्यूज. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो दिव्याजवळ लावला तर मधली तार कुठे पत्र्याला घासली की आग लागू शकते.
* ऋण तारही बॅटरीपर्यंत वेगळी नेली. पत्र्याच्या सांगाड्यावर भिस्त ठेवली तर गंजामुळे दोन पावसाळ्यांत दिवे लुकलुकायला लागतात.
* पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, आणि जोडावर दाबून बसवलेली टोपणे. नुसता पीळ दिलेला जोड घाटातल्या हादऱ्यांनी सुटतो.
* दिवे छताच्या मधोमध नाहीत, दोन्ही कडांना आहेत. मधोमध असले तर वाकणाऱ्या सिस्टरांची स्वतःचीच सावली रुग्णावर पडते. वर दुधी झाकण आहे, म्हणजे बाकावर निजलेल्या माणसाचे डोळे दिपत नाहीत.
* दाराबाहेरचा दिवा मुद्दाम पिवळा ठेवला आहे. पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात.

आपल्याला एक विनंती

काही कुटुंबे आणि तरुण संघ गाडीसाठी वस्तू पाठवतात. त्याचा उपयोग होतो आणि आम्ही आभारी आहोत. दिवे पाठवायचे असतील तर घरातल्या २३० व्होल्टच्या ट्यूब पाठवू नयेत. गाडीत त्या चालवायला इन्व्हर्टर लागतो आणि त्यात वीज वाया जाते. पट्टी ‘किती वॅटची’ एवढेच दुकानात विचारू नये. बारा व्होल्टची गाडी चालू-बंद दोन्ही वेळी चालेल का, सीआरआय ९० च्या वर आहे का आणि आर-९ किती, हे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर टोमॅटो आहेच.

आणि आपल्या मंडळीची स्वतःची गाडी असेल, मग ती मुलांना ने-आण करणारी असो की धान्य वाहणारी, तर एवढे आजच पाहून घ्या: आतल्या दिव्यांच्या तारेला बॅटरीजवळ फ्यूज आहे का? नसेल तर तो बसवायला ओळखीच्या वायरमनला अर्धा तास पुरेल. चांगले दिवे नंतर घेता येतील. फ्यूज आधी हवा.