कंटेनर नियोजन प्रणाली व वितरित डेटाबेस प्रॉक्सी

अनेक संगणकांच्या समूहात कोणती आज्ञावली कोणत्या संगणकावर व किती प्रतींत चालवावयाची, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस कंटेनर नियोजन प्रणाली म्हणतात. अनेक सर्व्हरांत विभागलेली माहिती वापरणाऱ्यास एकाच डेटाबेसाप्रमाणे दिसावी, म्हणून मध्ये ठेवलेल्या मध्यस्थ आज्ञावलीस वितरित डेटाबेस प्रॉक्सी म्हणतात. कुबरनेटीस, डॉकर स्वॉर्म व नोमॅड ही पहिल्या प्रकारची, तर व्हिटेस व अपाची शार्डिंगस्फिअर ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत. दोन्ही साधने मोठ्या संगणकसमूहाचा कारभार सुकर करीत असल्याने एक असता दुसऱ्याची गरज नाही, असा समज होण्याचा संभव असतो. तथापि पहिले साधन पुन्हा निर्माण करता येणाऱ्या गोष्टींची व्यवस्था पाहते, तर दुसरे सहजासहजी पुन्हा निर्माण न करता येणाऱ्या माहितीकडे जाणारी वाट सांभाळते, हा त्यांच्यातील मूलभूत भेद होय.

इतिहास : आज्ञावली व तिला लागणारी सामग्री एकत्र बांधून इतर आज्ञावल्यांपासून विलग चालविण्याच्या सोयीस कंटेनर म्हणतात. २०१३ मध्ये डॉकर प्रसिद्ध झाल्यावर कंटेनरांचा वापर झपाट्याने वाढला. गूगल कंपनी त्यापूर्वीच बोर्ग ही अंतर्गत नियोजन प्रणाली वापरीत होती. त्या अनुभवावर आधारलेली कुबरनेटीस तिने २०१४ मध्ये जाहीर केली व २०१५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूधारी असा आहे.

व्हिटेसचा उगम २०१० मध्ये यूट्यूबमध्ये झाला. मायएसक्यूएल डेटाबेसावरील वाढता भार एका सर्व्हरास पेलेनासा झाल्याने सुगु सुगुमारन, माइक सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रचली. पुढे ती बोर्गवर चालविण्यात आली. तेथे कंटेनर हलविला गेल्यास त्याची स्थानिक साठवण नाहीशी होई. म्हणून यंत्र केव्हाही जाईल हे गृहीत धरून माहिती टिकविण्याची शिस्त व्हिटेसमध्ये प्रारंभीच्या काळातच बाणली.

कार्यपद्धती : कुबरनेटीसला अपेक्षित स्थिती कळविण्यात येते, उदा., अमुक आज्ञावलीच्या पाच प्रती चालू असाव्यात. ही नोंद एटसीडी या साठ्यात राहते. नियंत्रक प्रत्यक्ष स्थितीची तिच्याशी सतत तुलना करतात. एक संगणक बंद पडून चारच प्रती उरल्यास पाचवी अन्य संगणकावर सुरू केली जाते. नवी प्रत जुनीसारखीच असल्याने कोणती गेली, याला महत्त्व नसते.

व्हिटेसमध्ये कोष्टकांतील ओळी शार्ड नावाच्या खंडांत वाटलेल्या असतात. व्हीटीगेट हा घटक विचारणा स्वीकारतो, ग्राहक-क्रमांकासारख्या ठरावीक मूल्यावरून योग्य खंड शोधतो व विचारणा तेथील व्हीटीटॅब्लेटकडे पाठवितो. व्हीटीटॅब्लेट हा प्रत्येक मायएसक्यूएल सर्व्हरासोबत असणारा रक्षक होय. विचारणेत ते मूल्य नसल्यास ती सर्व खंडांकडे पाठवून उत्तरे एकत्र करावी लागतात. त्यामुळे वाटणीचे मूल्य चुकीचे निवडल्यास प्रॉक्सीचा लाभ बराचसा नष्ट होतो.

तुलना : दोहोंतील भेद बिघाडाच्या प्रसंगी विशेष स्पष्ट होतो. डेटाबेसाचा मुख्य सर्व्हर बंद पडल्यास त्याच्या जागी रिकामा सर्व्हर उभा करून भागत नाही. ज्या प्रतिकृतीत पक्के झालेले सर्व व्यवहार पोहोचले आहेत, तीच मुख्य करावी लागते. सर्व्हर बंद पडलेला नसून केवळ त्याच्याशी असलेला संपर्क तुटला असेल, तर प्रसंग अधिक बिकट होतो. अशा वेळी घाईने दुसरा मुख्य नेमला, तर दोघेही नोंदी स्वीकारतात, एकाच खात्याच्या दोन भिन्न शिलका तयार होतात व खरी कोणती हे सांगणे अशक्य होते.

कुबरनेटीसमधील स्टेटफुलसेट या रचनेत प्रत्येक प्रतीस स्थिर नाव व स्वतःची साठवण असते. संपर्क तुटलेल्या संगणकावरील प्रत खरोखर थांबली, याची खात्री होईपर्यंत त्याच नावाची दुसरी प्रत सुरू केली जात नाही. सेवा खोळंबली तरी चालेल, पण माहितीत द्वैत नको, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु कोणत्या प्रतीत किती व्यवहार पोहोचले, हे कुबरनेटीसला ठाऊक नसते. ते काम व्हिटेससारख्या प्रणालीचे आहे. तिच्यात निदान एका प्रतिकृतीने नोंद मिळाल्याचे कळविल्यावाचून व्यवहार पक्का न मानण्याची योजना करता येते. बदलाच्या काळात आलेल्या विचारणा व्हीटीगेट अल्पकाळ रोखून ठेवू शकतो.

उपयोग व मर्यादा : ही साधने परस्परांना पर्याय नसून भिन्न थरांवरील आहेत, कुबरनेटीसवर व्हिटेस चालविण्याचा प्रघातही आहे. ज्या संस्थेची माहिती एका सर्व्हरात सहज मावते, तिला खंडवाटणीचा खटाटोप अनावश्यक ठरतो. अनेक खंडांना स्पर्श करणारे व्यवहार मंद व गुंतागुंतीचे होतात. उलट, कंटेनर आपोआप पुन्हा सुरू होतात एवढ्यावर विसंबून डेटाबेस निश्चिंतपणे सोडणे धोक्याचे असते. राखीव प्रत घेण्याची आणि तीवरून माहिती पुन्हा उभी करून पाहण्याची जबाबदारी या दोहोंपैकी कोणतेही साधन आपण होऊन टाळू देत नाही.