श्रवणयंत्रांची दूरस्थ सेवा
श्रवणयंत्र वापरणारी व्यक्ती व श्रवणतज्ज्ञ निरनिराळ्या ठिकाणी असताना दूरध्वनी, चित्रफोन किंवा महाजाल यांच्या द्वारे यंत्राचे समायोजन, दोषशोधन व वापराविषयीचे मार्गदर्शन करण्याची व्यवस्था.

चष्म्याप्रमाणे श्रवणयंत्रही एकदा घेतले म्हणजे काम संपले, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. दीर्घकाळ मंद ऐकण्याची सवय झालेल्या व्यक्तीस भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, इतकेच नव्हे तर स्वतःचा आवाजही प्रारंभी असह्य वाटतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ध्वनीची वाढ टप्प्याटप्प्याने बदलत न्यावी लागते. हे न झाल्यास यंत्र पेटीतच पडून राहते. श्रवणतज्ज्ञ बहुधा शहरात असतो आणि खेड्यातील वृद्धाला एवढ्यासाठी सोबतीच्या माणसाची मजुरी बुडवून वारंवार शहर गाठणे परवडत नाही. दूरस्थ सेवेचे मुख्य प्रयोजन हेच होय.

जुन्या यंत्रांतील बदल लहान पेचकसाने करीत. १९९६ मध्ये पूर्णतः अंकीय यंत्रे बाजारात आली आणि निरनिराळ्या कंप्रतांच्या ध्वनींची वाढ संगणकाद्वारे ठरविणे सुलभ झाले. पुढे यंत्र स्मार्टफोनशी बिनतारी जोडता येऊ लागल्याने तज्ज्ञाने ठरविलेली मूल्ये महाजालातून फोनकडे व तेथून यंत्राकडे पाठविता येतात. हे काम समोरासमोर बोलत तत्काळ करतात किंवा रुग्णाची तक्रार नोंदवून घेऊन सुधारित मूल्ये मागाहून पाठवितात. समायोजन चालू असताना यंत्र काही क्षण मूक होऊ शकते. तेव्हा ऐकू येणारा नातेवाईक जवळ असावा किंवा लेखी सूचना द्याव्यात. काही यंत्रे स्वतःच चाचणीचे स्वर निर्माण करून श्रवणक्षमता मोजतात. मात्र खोली शांत हवी. यंत्र दिवसाकाठी किती तास वापरले याची नोंदही तज्ज्ञास मिळते. ही नोंद व रुग्णाचे सांगणे यांत कधीकधी बरेच अंतर आढळते.

कानातील मळ, पडद्याचे छिद्र किंवा स्राव यांची तपासणी मात्र दुरून समाधानकारक होत नाही. स्थानिक आरोग्यसेवकाजवळ कॅमेरायुक्त कर्णदर्शक असल्यास ती काही अंशी शक्य होते. यंत्र शिटी वाजवीत असेल, तर सैल साचा व मळ ही कारणे आधी पाहावीत. केवळ ध्वनीची वाढ कमी केल्याने शिटी थांबते, पण ऐकणेही घटते. अचानक आलेला बहिरेपणा, कानदुखी किंवा चक्कर असल्यास रुग्णास विनाविलंब वैद्याकडे पाठविले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सु. ४३ कोटी लोकांना पुनर्वसनाची गरज भासावी इतका श्रवणदोष आहे. २०२० च्या महासाथीत वृद्धांना घराबाहेर पडणे धोक्याचे झाल्याने या सेवेस चालना मिळाली. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतर्फेही दूरस्थ निदान व उपचार केले जातात. तथापि बिनतारी जोडणी नसलेल्या साध्या यंत्रांची मूल्ये दुरून बदलता येत नाहीत. त्यांच्या बाबतीत साधा दूरध्वनीही बराच उपयोगी पडतो. जस्त-वायू विद्युत् घटाची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो बसवावा, साच्याच्या नळीत साचलेले पाण्याचे थेंब फुंकून काढावेत, कोकणातील पावसाळ्यात यंत्र रात्री आर्द्रताशोषक पुडीसह बंद डबीत ठेवावे, एवढे समजावून दिल्याने बंद पडलेली पुष्कळ यंत्रे पुन्हा चालू होतात. लहान मुलांच्या बाबतीत कान वाढत असल्याने साचा वेळोवेळी नवा करावा लागतो व त्यासाठी मुलाला केंद्रात आणणे अपरिहार्य असते.