रात्रभर एसी चालू ठेवावा का?

लेक बाळंतपणाला आली म्हणून आपल्या गटातल्या एका ताईंनी एसी बसवला. म्हणाल्या, "बंद करून पुन्हा लावला तर जास्त वीज लागते, म्हणून रात्रभर चालूच ठेवतो." तसं नसतं बरं का. सुरू होतानाचा झटका क्षणभराचा असतो. वीज खातो तो कॉम्प्रेसर. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला, तर तासाला साधारण दीड युनिट पडतं. साधा 75 वॅटचा पंखा आठ तास फिरून 0.6 युनिट घेतो! नांदगावच्या उन्हात तापलेला स्लॅब रात्रीही धग सोडतो, तोवर एसी 26 वर ठेवून टायमर लावा. पहाटे गारवा आला की खिडकी उघडा, पंखा पुरे. महावितरणचा 100 युनिटपुढचा दर चढा आहे, आणि ताईंना बिलासोबत गटाचा हप्ताही भरायचाय.