थर्मल कॅमेरा आणि दरडीनंतरची पहिली रात्र

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर खचला आणि वाडी गाडली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. सावित्री नदीच्या पुराने महाड पाण्यात होतं, रस्ते बंद होते. बचावपथकं पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी थर्मल कॅमेरा असता तर, हा प्रश्न साहजिक आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट हवी: मातीखालचा माणूस या कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे उष्ण किरण टिपतो आणि ते वस्तूच्या फक्त पृष्ठभागावरून येतात. फूटभर चिखल सोडाच, खिडकीची साधी काचही त्यांना अडवते. गाडलेल्यांचा शोध श्वान, आवाज टिपणारी यंत्रं आणि हाताने उपसणं यांनीच घ्यावा लागतो. कॅमेऱ्याचा खरा उपयोग ढिगाऱ्याच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा झाडीत फेकल्या गेलेल्या, हाक देता न येणाऱ्या माणसासाठी आहे, आणि तोही पहिल्या रात्रीच.

तिथे सगळी मदार सेटिंगवर असते. नवखा माणूस कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवतो. ऑटो समोरच्या दृश्यातल्या सर्वांत थंड आणि सर्वांत गरम जागेमध्ये सगळ्या छटा वाटून टाकतो. चौकटीत जनरेटर किंवा हॅलोजन आला की बहुतेक छटा त्यावरच खर्च होतात आणि शेजारचा माणूस करड्या जमिनीत विरतो. उलट सगळं रान पावसाने सारखंच गार झालेलं असेल, तर एखाद्या अंशाचा फरकही ताणला जातो आणि ओला दगडही उजळतो. म्हणून तापमानाची कक्षा हाताने बांधावी, समजा २० ते ३५ अंश. भिजून गारठलेल्या माणसाची त्वचा ३७ अंशांवर नसते, आणि ओले कपडे तर आसपासच्या हवेइतकेच गार दिसतात. तेव्हा शोधायचा तो चेहरा आणि हात. इंद्रधनुषी रंग आकर्षक, पण फसवे. गरम ते पांढरं दाखवणारी साधी करडी छटाच बरी. छपराचा चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आभाळाची परावर्तित करतो, त्यामुळे त्यावरचं तापमान खरं मानू नये. फोकस अंतराप्रमाणे फिरवावा, भिंग वारंवार पुसावं. मधूनच ‘टक्’ आवाज होऊन चित्र क्षणभर थिजतं, तो बिघाड नव्हे. यंत्र स्वतःला जुळवून घेत असतं.

मुसळधार पावसात हे चालणार नाही, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. पाऊस आणि धुकं पल्ला कमी करतात, ड्रोन उडत नाही. पण हातातला कॅमेरा जवळच्या अंतरावर काम देतो, आणि पाऊस थांबेल तेवढ्या वेळात तर नक्कीच. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक वाडीला यंत्र देणं शक्य नाही, हे मान्य. म्हणून ते महाडच्या कचेरीत ठेवावं, हे मात्र पटत नाही. २०२१ सारख्या पुरात ते तिथेच अडकेल. शिवाय गरज एकाच गावाला पडेल असंही नाही: २०२१च्या त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या होत्या. डोंगराकडच्या चार-पाच गावांत मिळून एक यंत्र, बॅटरी भरलेली, आणि ते वापरायला शिकलेले दोन-तीन तरुण, एवढं पावसाळ्याआधी करता येतं. सराव मात्र भर पावसात, रात्री आणि झाडीतच घ्यायला हवा.