आपली वाहिनी : पेरणी आणि राखण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. आज यूट्यूबवर वाहिनी काढण्यास एक मोबाईल पुरतो. मात्र काढणे सोपे, टिकविणे कठीण.

आपल्याच जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी पाहा. शाळेत न गेलेल्या आजींची 'आपली आजी' ही वाहिनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये नावारूपास आली. घरचा स्वयंपाक, घरचीच बोली आणि सातत्य, एवढेच भांडवल. त्याच वर्षी चोरट्यांनी वाहिनी बळकावली; सुदैवाने ती परत मिळाली. म्हणून पासवर्डबरोबर दुहेरी पडताळणी ठेवावी व ओटीपी कोणासही सांगू नये.

लांब चित्रफितींवर जाहिरातींचा वाटा मिळण्यास १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण लागते. हे आवर्त ठेवीसारखे आहे. हप्ता चुकवू नये. सदस्य विकत घेऊ नयेत. दुसऱ्याचे भीमगीत परवानगीशिवाय लावू नये. ९० दिवसांत स्वामित्वहक्काचे तीन ठपके आल्यास वाहिनी बंद होऊ शकते.

मग दाखवावे काय? पाथर्डीच्या तरुणांनी प्रथम ज्येष्ठांकडे जावे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा कळत्या वयात पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत. त्यांच्या आठवणी आजच नोंदवून घ्याव्यात. ऊसतोडीला गेलेले बांधवही कोपीवर बसून त्या ऐकतील.

जय भीम!