एंजलची अंडी कोण खातो?

घरच्या टाकीत एंजलची जोडी रुंद पानावर अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी पान रिकामे दिसते. “आईनेच खाल्ली!” म्हणून मुले हिरमुसतात. आपण जरा बारकाईने पाहू.

ॲमेझॉन खोऱ्यातला एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. आपल्या उजनी धरणातली चिलापीही त्याच कुळातली. ओळखायचे कसे? भिंगातून नाक पाहावे. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडला एकच. अंगावरची पार्श्वरेषाही मध्येच तुटून थोडी खाली पुन्हा सुरू होते.

पिलांची राखण हा या कुळाचा विशेष. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते. एंजलचे नर-मादी दोघेही परांनी अंड्यांवर पाणी खेळवतात आणि पांढरी पडलेली अंडी वेचून खातात. ती तशीच राहिली तर त्यांवरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. म्हणजे काही अंडी खाणे हीसुद्धा राखणच! मात्र टाकीपाशी वर्दळ असली, इतर मासे जवळ फिरकले किंवा जोडी नवखी असली, तर सगळीच अंडी फस्त होतात.

एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखणे कठीण. म्हणून आम्ही पाच-सहा पिले एकत्र वाढवायला सांगतो, जोडी ती आपली आपण जमवतात. मग जोडीला वेगळी टाकी द्यावी आणि तिच्या तीन बाजूंना कागद चिकटवावा. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस असले, तर अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिले आणखी चार-पाच दिवस पानाला चिकटून वळवळतात. ती पोहू लागेपर्यंत खाणे घालू नये, पोटाखालच्या बलकावर त्यांचे भागते.